नव्या रेकॉर्डमधला तानपुरा कुठे गेला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांनी सत्तरच्या दशकात घेतलेली एका ख्यालगायकाची एलपी घरात आहे. तीच आता ‘रीमास्टर्ड, १८० ग्रॅम’ अशी चिठ्ठी लावून पुन्हा निघाली आणि तुम्ही ती हौसेने साडेतीन हजारांना घेतलीत. नवीत खरखर अजिबात नाही. पण ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतात, मागे तानपुरा आहे असं वाटतच नाही, आणि दुसऱ्या बाजूच्या शेवटी द्रुत चालू असताना सूर हलतो. दुकानदार म्हणतो, पिन बदला. मित्र म्हणतो, डिजिटल केलं की असंच होणार. मग दोष कुणाचा?

मी तीसेक वर्षं जुन्या टेपवरून आणि तबकड्यांवरून आवाज उतरवून घेणं, तो साफ करणं आणि पुन्हा छापायला तयार करून देणं हेच काम करतो आहे. तुमच्या तीन तक्रारी ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि ती तीन वेगळ्या ठिकाणी जडलेली आहेत. तानपुरा गेला तो साफसफाई करणाऱ्याच्या टेबलावर. ‘स’ टोचतो तो मास्टरिंगमध्ये, खाच कोरणाऱ्या कटिंगच्या लेथवर किंवा तुमच्या पिनेपाशी. त्याचा छडा थोडं ऐकून लावावा लागेल. सूर हलतो तो मात्र जवळजवळ नक्कीच कारखान्यातला दोष आहे आणि त्यासाठी रेकॉर्ड बदलून मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

टेपपासून पिनेपर्यंतचा रस्ता आधी डोळ्यांसमोर आणा. मूळ टेप मशीनवर वाजवतात. तो आवाज मास्टरिंग करणाऱ्याकडे जातो. काय काढायचं, काय उचलायचं, किती मोठं ठेवायचं हे तो ठरवतो. मग लेथ. ॲल्युमिनियमच्या चकतीवर लॅकरचा थर असतो, त्यात तापवलेल्या नीलमण्याच्या सुईने खाच कोरली जाते. त्यावर चांदीचा फवारा मारून निकेलचा थर चढवतात. तो सोलला की उलटा ठसा मिळतो, त्याला ‘फादर’ म्हणतात. फादरवरून ‘मदर’ आणि मदरवरून ‘स्टॅम्पर’. दोन बाजूंचे दोन स्टॅम्पर प्रेसमध्ये बसवून मध्ये गरम पीव्हीसीचा गोळा दाबला की रेकॉर्ड तयार. यातली प्रत्येक पायरी आवाजात आपली खूण सोडते.

तानपुऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तुमच्या रेकॉर्डचं खरं नुकसान तिथे झालं आहे आणि ते कितीही महाग पिन लावली तरी भरून येणार नाही.

जुन्या टेपवर ‘हिस’ असते, पावसाच्या बारीक सरीसारखा सतत आवाज. ती कमी करणाऱ्या सॉफ्टवेअरला आधी नुसत्या हिसचा नमुना दाखवावा लागतो. बहुतेक जण गाणं सुरू होण्याआधीचे दोन-चार सेकंद निवडतात. स्टुडिओत मुद्रित केलेल्या पाश्चात्त्य संगीताच्या टेपवर तिथे खरोखर शांतता असते. आपल्या टेपवर तिथे तानपुरा चालू असतो! गायकाने पहिला षड्ज लावण्याआधी तानपुरे जुळून वाजायला लागलेले असतात. नमुन्यात हिसबरोबर तानपुराही जातो. मशीनला कळतं ते इतकंच की हा जो सतत, फारसा न बदलणारा आवाज आहे तो काढायचा आहे. मग पुढचा अर्धा तास ते इमानेइतबारे तानपुरा काढत राहतं.

नमुना बरोबर घेतला तरी धोका संपत नाही. तानपुऱ्याचा जीव जवारीत असतो. घोडीवर तार आणि घोडी यांच्यामध्ये दोरा सरकवून जी झंकार मिळवतात, ज्यासाठी मिरजेचे कारागीर तासन् तास घोडी घासत बसतात, ती सगळी वरच्या स्वरांशांची करामत आहे. गायकाची पट्टी काळी एक धरली तर खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास वाजते, पण कानाला जाणवणारी तिची चमक त्याच्या कितीतरी पट वर, काही हजार हर्ट्झपर्यंत पसरलेली असते. हिसही नेमकी तिथेच सर्वांत जास्त ऐकू येते. दोन्ही मंद, दोन्ही सतत, दोन्ही एकाच जागी. हिस पुसायला गेलं की सुक्याबरोबर ओलंही जळतं.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. फार वर्षांपूर्वी एका खाजगी मैफलीची टेप साफ करायला आली होती. मी दोन दिवस खपून ती काचेसारखी लख्ख केली. ऐकायला त्या गायकांचे एक वयस्कर शिष्य आले. डोळे मिटून दोनेक मिनिटं ऐकलं आणि त्यांनी विचारलं, “जोडीच्या तारा उतरवल्यात का हो?” मी म्हटलं, नाही, फक्त हिस काढली आहे. ते म्हणाले, “मग गुरुजी गातायत कशावर?”

मी मूळ टेप पुन्हा लावली. खरखरीच्या मागे चारही तारा स्वच्छ होत्या. पंचम, जोड म्हणजे मधल्या षड्जाच्या दोन तारा, खर्ज, आणि खर्जातून वर येणारा तो स्वयंभू गंधारही. माझ्या ‘स्वच्छ’ प्रतीत गंधार नव्हताच आणि जोड कापसात गुंडाळल्यासारखी झाली होती. मजा अशी की इतके दिवस ती प्रत ऐकून मला काही चुकलंय असं वाटलं नव्हतं, कारण माझे कान खरखर शोधत होते. तेव्हापासून मी नमुना टेपच्या शेवटी घेतो. गाणं आणि टाळ्या संपल्यावर मुद्रण थांबेपर्यंतची थोडी रिकामी टेप बहुधा मिळते. ती नसेल तर नमुना घेतच नाही. हिस थोडीशी दाबतो आणि बाकीची राहू देतो. कान पाच मिनिटांत हिसला सरावतात. तानपुरा नसण्याला ते सरावत नाहीत.

घरी हे कसं ओळखायचं? आवाज थोडा मोठा करून आलापातल्या दोन ओळींमधली जागा ऐका. साफसफाई अती झाली असेल तर गायक थांबला की मागचं सगळं काळंकुट्ट होतं, आणि तो पुन्हा सुरू झाला की आवाजासोबत खोलीतली हवाही आत आल्यासारखी वाटते. कधी पाण्यातून बुडबुडे यावेत तशी बारीक किणकिण लांबलेल्या स्वराच्या शेपटीला चिकटते. तबला ऐका. तबकडीवरची ‘टकटक’ काढणारं सॉफ्टवेअर अचानक उठणारा तीक्ष्ण आवाज शोधतं, आणि किनारीवरचा ‘ना’ नेमका तसाच असतो. जास्त ताणलं तर ‘ना’ची धार जाते, थाप कुणीतरी कापडावर मारल्यासारखी येते. जुनी रेकॉर्ड लावून तोच ‘ना’ ऐकलात तर एका आवर्तनात फरक कळेल.

साफ केल्यावर पुढची पायरी आवाज मोठा करण्याची. सीडीच्या काळात प्रत्येक गाणं शेजारच्या गाण्यापेक्षा मोठं वाजलं पाहिजे अशी चढाओढ लागली. त्यासाठी लिमिटर नावाच्या यंत्राने आवाजाची टोकं छाटून सगळं वर ओढतात. ख्यालाला ते अगदी मारक आहे. विलंबितातला पहिला आलाप आणि द्रुतातली शेवटची तान यांच्या आवाजात जे अंतर असतं, त्यावर गायकाने अर्धा तास मेहनत घेतलेली असते. लिमिटरमधून दोन्ही जवळपास सारखी बाहेर येतात. अनेक पुनर्मुद्रणांत एलपीसाठी वेगळं मास्टरिंग होतच नाही. सीडीसाठी किंवा स्ट्रीमिंगसाठी केलेली फाइल तशीच लेथवर पाठवली जाते. एक इशारा द्यायला हवा. काही जण एलपीवरून आवाज संगणकात घेतात, ‘डायनॅमिक रेंज’ म्हणजे सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर मोजतात, सीडीपेक्षा आकडा मोठा आला की एलपीचं मास्टरिंग वेगळं आहे असं मानतात. तसं नसतं. छाटलेली टोकं कोरताना आणि वाजवताना थोडी वाकडीतिकडी होतात, त्यामुळे एकच फाइल असली तरी एलपीचा आकडा वाढून दिसतो. तिथे आकड्यापेक्षा कानावर भरवसा ठेवा.

आता ‘स’ आणि ‘श’. इथे दुकानदाराचं अर्धं बरोबर असू शकतं.

३३⅓ फेऱ्यांची रेकॉर्ड १.८ सेकंदांत एक फेरी पूर्ण करते, बाहेर असो वा आत. पण बाहेरच्या खाचेची फेरी लांब आणि आतल्या खाचेची आखूड. सुरुवातीला खाच पिनेखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर सरकते, अगदी शेवटी फक्त २१. म्हणजे १० हजार हर्ट्झचा स्वर, ज्याच्या आसपास ‘स’ची शीळ असते, त्याची एक लाट बाहेर ५१ मायक्रॉन लांब असते आणि आत २१. साध्या गोल टोकाच्या पिनेची त्रिज्या १८ मायक्रॉनच्या आसपास असते. इतकं जाड टोक इतक्या आखूड वळणात बसतच नाही. ते वळणावरून घसरत जातं आणि ‘स’चा ‘श्श’ होतो. लंबगोल टोकाची धार साधारण ८ मायक्रॉनची असते, ती बरंच सांभाळते. आणखी बारीक टोकं त्याहून चांगली.

त्यामुळे पहिली कसोटी सोपी आहे. ‘स’ बाजूच्या पहिल्या मिनिटापासून सारखाच टोचतो का, की आत जाता जाता वाढत जातो? आत वाढत असेल तर आधी आपलं घर तपासा. पिन किती तास वाजली आहे, पिन जिच्यात बसते ती कार्ट्रिज प्रोट्रॅक्टरवर, म्हणजे कोन जुळवायच्या पट्टीवर, बरोबर बसवली आहे का, पिनेचं खाचेवरचं वजन कंपनीने सांगितलेल्या मर्यादेत आहे का. वजन कमी ठेवलं की रेकॉर्ड कमी झिजते हा समज चुकीचा आहे. हलकी पिन खाचेत उड्या मारते आणि जास्त नुकसान करते. एवढं करूनही फक्त याच रेकॉर्डवर त्रास राहिला तर बाजूची लांबी पाहा. बारा इंची एलपीच्या एका बाजूवर १८ ते २२ मिनिटं नीट बसतात. अठ्ठावीस-तीस मिनिटं कोंबली की खाचा पातळ कोरायला लागतात, आवाजाची पातळी खाली येते आणि शेवटची गाणी केंद्राच्या फार जवळ जातात. ख्यालाच्या रेकॉर्डवर याचा फटका नेमका द्रुताला बसतो, कारण सगळ्यात वेगवान, सगळ्यात चमकदार भाग सगळ्यात अडचणीच्या जागी येतो. जुन्या काळी कटिंग करणारे लोक हे ओळखून शेवटच्या भागात वरचे स्वर हलकेच खाली घेत असत.

‘स’ पहिल्यापासून सारखाच टोचत असेल, आणि दुसऱ्या रेकॉर्डवर टोचत नसेल, तर पिन बहुधा निर्दोष आहे. हिस काढल्यावर आवाज मंद वाटतो, म्हणून मास्टरिंगमध्ये वरचे स्वर उचलून ‘उजळ’ केले जातात. ते तिथलं काम. रेकॉर्डवर हे आणखी महागात पडतं. एलपी कोरताना खर्ज दाबून आणि वरचे स्वर उचलून कोरतात, २० हजार हर्ट्झला तर जवळजवळ २० डेसिबलने, आणि वाजवताना ॲम्प्लिफायर ते उलटं करतो. ही रीत १९५४ मध्ये अमेरिकेत ठरली आणि पुढे जगभर रूढ झाली. म्हणजे मास्टरिंगवाल्याने आधीच उचललेला ‘स’ लेथवर आणखी उचलला जातो. मग कटिंग करणाऱ्यासमोर दोनच वाटा राहतात: एकतर ‘स’ला चाप लावायचा, किंवा आहे तसा कोरायचा आणि ऐकणाऱ्याच्या पिनेने तो सहन करावा अशी आशा धरायची.

तिसरी तक्रार, हलणारा सूर. ही मला सर्वांत जास्त चीड आणते, कारण तिच्यात कलेचा किंवा आवडीनिवडीचा काही प्रश्नच नाही.

रेकॉर्डचं भोक खाचांच्या अचूक मध्यावर असायला हवं. ते सरकलं की खाच पिनेखालून प्रत्येक फेरीत एकदा जवळ येते आणि एकदा लांब जाते. आवाज एकदा चढतो, एकदा उतरतो. भोक अर्धा मिलिमीटर सरकलेलं आहे असं धरा. खाचांच्या मध्यावर, केंद्रापासून दहा सेंटिमीटरवर, स्वर अर्ध्या टक्क्याने वरखाली होतो. शेवटच्या खाचेत, सहा सेंटिमीटरवर, हाच फरक ०.८३ टक्के होतो. सेंटमध्ये, म्हणजे अर्ध्या स्वराच्या शंभराव्या भागांत, सांगायचं तर षड्ज १४ सेंट वर आणि १४ सेंट खाली, म्हणजे एकूण २८ सेंटचा झोका, दर १.८ सेकंदाला. आपल्या बावीस श्रुतींतलं सर्वांत लहान अंतर, प्रमाणश्रुती, सुमारे २२ सेंटचं. गायक ज्या फरकासाठी आयुष्यभर रियाज करतो, त्याहून मोठा फरक एका चुकीच्या भोकाने प्रत्येक फेरीला पडतो.

रॉक संगीतात ढोल-गिटारच्या गदारोळात हा झोका लपून जातो. पियानोवर जाणवतो. तानपुऱ्यावर तो लपूच शकत नाही, कारण तानपुऱ्याचं कामच मुळी न हलणं हे आहे. म्हणून परदेशातल्या ज्या कारखान्यात एखादी प्रत ‘ठीक आहे’ म्हणून पुढे जाते, तीच आपल्याकडे ऐकवत नाही.

तपासायला दोन मिनिटं लागतात. रेकॉर्ड लावा, पिन शेवटच्या भागात ठेवा, आणि टोनआर्मच्या, म्हणजे पिन धरणाऱ्या दांड्याच्या, टोकाकडे समोरून बघत राहा. आर्म हळूहळू आत जाताना प्रत्येक फेरीला डावी-उजवीकडे डुलत असेल तर भोक सरकलेलं आहे. वर-खाली डुलत असेल तर रेकॉर्ड वाकलेली आहे, ते वेगळं दुखणं. मग फोनवर ट्यूनरचं ॲप लावून नुसता तानपुरा वाजतो ती जागा दाखवा, काटा १.८ सेकंदांच्या लयीत झुलेल. दुसऱ्या कुठल्याही चांगल्या रेकॉर्डवर काटा स्थिर राहिला तर तुमचा टर्नटेबल निर्दोष. एका बाजूला झोका आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही, असंही होतं. दोन बाजूंचे स्टॅम्पर वेगळे असतात आणि त्यांतला एकच मध्यावरून सरकलेला असतो. भोक कानशीने मोठं करून रेकॉर्ड सरकवण्याचे सल्ले तुम्हाला मिळतील. नव्या रेकॉर्डवर ते करू नका, मग बदलून मिळणार नाही.

कारखान्याच्या आणखी एकदोन खुणा सांगून ठेवतो, पुढे उपयोगी पडतील. प्रेसमध्ये पीव्हीसी पुरेसं तापलं नाही किंवा घाईने उघडलं तर ते खाचेत नीट भरत नाही. मग कापड टराटरा फाटल्यासारखा किंवा चेन ओढल्यासारखा आवाज, बहुतेक वेळा एकाच कानात, काही फेऱ्या येत राहतो. कितीही धुवा, तो जात नाही. प्रकाशात तिरपी धरली तर त्या जागी खाच किंचित पांढुरकी दिसते. दुसरी खूण म्हणजे गाणं सुरू होण्याआधी त्याचा पुसट प्रतिध्वनी. तो बरोबर १.८ सेकंद आधी येत असेल तर लॅकरवर शेजारच्या खाचेने भिंत ढकलली आहे. वेगळ्या अंतराने येत असेल तर मूळ टेपवरच एका वेटोळ्याचं चुंबकत्व शेजारच्या वेटोळ्यावर उतरलेलं आहे. ते जुनंच असतं आणि त्याबद्दल कुणालाही दोष देता येत नाही.

‘१८० ग्रॅम’बद्दल फार लिहीत नाही. जाड रेकॉर्ड हातात छान वाटते आणि थोडी कमी वाकते. खाच मात्र तेवढीच खोल असते. सत्तरच्या दशकातल्या कितीतरी हलक्या तबकड्या आजच्या जड तबकड्यांपेक्षा सुंदर वाजतात, आणि तुमच्या घरचीच त्यांतली एक आहे.

मित्राच्या म्हणण्याकडे वळतो. डिजिटल केलं म्हणून बिघडलं, हे मला पटत नाही, आणि त्याला पुरावा आहे. अमेरिकेतली मोबाइल फिडेलिटी ही कंपनी मूळ टेपवरून काढलेल्या महागड्या रेकॉर्डसाठी प्रसिद्ध होती. २०२२ मध्ये उघड झालं की कित्येक वर्षं त्यांच्या अनेक रेकॉर्डच्या वाटेत डीएसडी ही डिजिटल पायरी होती. प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं. ग्राहकांचा राग रास्त होता, कारण त्यांना खरं सांगितलं गेलं नव्हतं. पण त्याच रेकॉर्ड ऐकून जाणकारांनी इतकी वर्षं त्यांच्या ‘शुद्ध ॲनालॉग’ आवाजाची तारीफ केली होती. त्याआधीचंही सांगतो. पुढे येणारा आवाज किती मोठा आहे हे लेथला एक फेरी आधी कळावं लागतं, म्हणजे खाचांमधलं अंतर ठरवता येतं. पूर्वी त्यासाठी टेप मशीनवर आणखी एक हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, असे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून बऱ्याच ठिकाणी त्याऐवजी डिजिटल यंत्र आवाज थोडा थांबवून ठेवतं, आणि खाचेत कोरला जातो तो हाच थांबवलेला आवाज. म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या कितीतरी ‘ॲनालॉग’ रेकॉर्ड डिजिटलमधून गेलेल्या आहेत. नीट केलेलं डिजिटल तानपुरा खात नाही. तो खाणारा माणूस असतो, घाईत नमुना निवडणारा आणि पुन्हा एकदा न ऐकणारा.

एक शंका मात्र तुमच्या रेकॉर्डबाबत घ्यायला जागा आहे: ती मूळ टेपवरून निघाली आहे का? आपल्याकडे टेप दमट हवेत खराब झाल्या, काहींवर नवं मुद्रण झालं, काही कुठे गेल्या कळलं नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही जातींच्या टेपचा चिकटा ओलावा धरतो आणि टेप वाजवताना हेडला चिकटते. ती मंद आचेवर, पन्नासेक अंशांवर, काही तास भाजून मगच वाजवता येते. हे न करता वाजवली तर तपकिरी भुकटी हेडवर जमते आणि त्या भुकटीतच वरचे स्वर निघून गेलेले असतात. टेपच नसेल तर जुन्या रेकॉर्डवरून आवाज घेतात. त्यात गैर काही नाही, चांगली प्रत आणि चांगली पिन असेल तर. पण तसं पाकिटावर छापलं पाहिजे. आडात नाही ते पोहऱ्यात येणार नाही. जुन्या रेकॉर्डच्या शेवटी फाटलेला ‘स’ साफ करून कधीच अखंड होत नाही.

ओळखायचं कसं? तुमच्याकडे जुनी आहे म्हणून हे सोपं आहे. जुन्यात दोन्ही बाजूंच्या शेवटी ‘स’ किंचित फाटत असेल, आणि नवीत गाण्यांचा क्रम किंवा बाजूंची विभागणी बदलून ती जागा मध्यावर आली असूनही तिथेच फाटत असेल, तर नवीचा उगम टेप नसून बहुधा जुनी एलपी आहे. मध्यावर तसं फाटायला दुसरं कारण सहसा नसतं.

७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून काढलेल्या नाट्यसंगीताच्या संग्रहांत तर वेगाचाच घोळ असतो. त्या काळी सगळ्या तबकड्या नेमक्या ७८ वर मुद्रित होत नसत. ७५ वर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर वाजवली की पट्टी ६८ सेंटने, म्हणजे अर्ध्या स्वराच्याही निम्म्यापेक्षा जास्त वर चढते, आणि भरदार आवाजाचा नट पोरसवदा वाटायला लागतो. मी अशा वेळी ऑर्गनचा किंवा हार्मोनिअमचा स्वर पकडून वेग ठरवतो आणि मग त्या गायकाच्या माहितीतल्या पट्टीशी पडताळतो. वेगाची चूक फक्त आपल्याकडे होते असं नाही. माइल्स डेव्हिस यांच्या १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्ल्यू’ची पहिली बाजू मुद्रणाच्या मशीनचा वेग कमी असल्यामुळे तीसहून अधिक वर्षं थोडी चढीच वाजत राहिली. सोबत चाललेल्या दुसऱ्या मशीनची टेप वापरून १९९२ च्या पुनर्मुद्रणात ती सुधारली गेली. तिथे रीमास्टर मूळ रेकॉर्डपेक्षा खऱ्या गाण्याच्या जास्त जवळ गेलं. असं काम होऊ शकतं, म्हणूनच वाईट कामाचा राग येतो.

तर आता करायचं ते असं. दोन्ही रेकॉर्ड आधी धुवा, नवीसुद्धा. पाकिटाची आणि कारखान्याची धूळ तिच्यावरही असते. डिस्टिल्ड पाण्यात साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश, मग नुसतं डिस्टिल्ड पाणी. लेबल भिजू देऊ नका. घरात ७८ च्या तबकड्या असतील तर त्यांना अल्कोहोल असलेलं कुठलंही द्रव्य लावू नका, त्यांतली लाख विरघळते. मग दोन्ही एकाच आवाजाच्या पातळीवर ऐका. नवी मोठ्याने वाजत असेल तर पहिल्या क्षणी ती सरस वाटेल, म्हणून फोनवरच्या आवाज मोजणाऱ्या ॲपने दोन्ही जुळवून घ्या. आधी आलापातल्या मोकळ्या जागा ऐका, मग तबल्याचा ‘ना’, मग शेवटचा तानपुरा.

‘स’ आणि तानपुरा या तक्रारींवर दुकानदार पैसे परत देणार नाही, ती मास्टरिंगची आवड मानली जाते. तरी रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीला लिहा, आणि मोघम ‘आवाज आवडला नाही’ असं न लिहिता अमुक बाजूला, अमुक मिनिटाला आलापात तानपुरा तुटतो असं लिहा. मी ज्यांच्यासाठी काम केलं त्यांतल्या काहींनी अशी पत्रं मला आणून दाखवली आहेत आणि पुढच्या छपाईआधी काम पुन्हा झालं आहे. हलणाऱ्या सुरासाठी मात्र थेट बदलून मागा. ट्यूनरचा झुलणारा काटा आणि डुलणारा आर्म यांचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ सोबत द्या. त्यापुढे ‘पिन बदला’ हे उत्तर टिकत नाही. बदलून आलेली प्रतही त्याच बाजूला तशीच डुलली तर तिसरी मागू नका. त्या बाजूचा स्टॅम्परच सरकून बसलेला आहे आणि त्या खेपेच्या सगळ्या प्रती तशाच निघाल्या असणार. सरळ पैसे परत घ्या आणि वडिलांच्या रेकॉर्डला नवी पिन लावा.